कुरोड्यांखालचा सूर्य

चौतीस वर्षं मी विजेच्या खांबांवर चढलो-उतरलो. आता गुडघे पायरीलाही नाक मुरडतात, पण एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो. जगात फुकटची वीज नाही. कोळसा जाळा, पाणी अडवा, शेण कालवा, वाऱ्याच्या पाया पडा, नाहीतर उन्हाकडे तोंड करून बसा. जो तो एका हाताने वीज देतो आणि दुसऱ्या हाताने तुमचं काहीतरी काढून घेतो. हे मी गावात पारावर बसून शंभरदा सांगितलं. लोक म्हणतात, नानाजी वायरमन रिटायर झाले, आता तोंडच काय ते चालणार.

आमचं गाव देवळी तालुक्यातलं, नाचणगावहून आत वळलं की चार-पाच किलोमीटर. नाव सांगत नाही, सांगितलं तर सरपंच रुसेल. या गावाने विजेचे आणि इंधनाचे सगळे देव एकेकदा पुजून पाहिले आहेत. आधी गोबरगॅस आला. घरोघरी खड्डे खणले, वर लोखंडी टोप्या बसवल्या, ढोल वाजवले. मग ट्रॅक्टर आले, बैल गेले, आणि सारवायलासुद्धा शेजारून शेण मागायची पाळी आली. त्या खड्ड्यांत आता कोंबड्या राहतात, आणि सुखाने राहतात. मग कुठल्याशा संस्थेने शाळेमागे पवनचक्की उभी केली. वर्ध्याच्या सपाटीवर वारा कुठून आणणार? अकरा महिने ती नुसती कण्हत उभी होती. मे महिन्यातल्या एका वादळी वावधनात एकदाच काय ती जोरात फिरली, आणि फिरत फिरत बापूरावांच्या गोठ्यावर जाऊन पडली. धरणाची वीज आम्हाला कधी मिळाली नाही, पण धरणाने उठवलेली सहा घरं मिळाली. तीस वर्षं झाली, अजून गाव त्यांना 'नवीन लोक' म्हणतं.

कोळशाची लाईन मात्र माझी. तिचे खांब मी रोवले, तारा मी ओढल्या. तिच्यात खोट नाही असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात कोळसा ओला म्हणून ती जाते, उन्हाळ्यात लोकांनी कूलर लावले म्हणून जाते, हिवाळ्यात दुरुस्तीसाठी जाते. पॉवर हाऊसच्या भोवतालच्या गावांत कापूस फुटतो तोच राखाडी. पण ती रात्रीही येते आणि आभाळ भरलं तरी येते. आणि माझ्या घरात वीज असणं ही हौसेची गोष्ट राहिलेली नाही.

माझी बायको कमलाबाई. दोन वर्षांपासून तिच्या नाकात नळी आहे. फुफ्फुसं धुराने खाल्ली, असं वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. मशीन हवेतून प्राणवायू वेगळा काढतं आणि दिवसभर, रात्रभर घरघरत राहतं. त्याला वीज लागते. वीज गेली की कमल उठून बसते, बोलणं बंद करते आणि दहा-पंधरा मिनिटं तग धरते. पुढे तिची नखं निळी पडायला लागतात. अडीअडचणीला एक लहान सिलिंडर होतं, ते गेल्या वादळात लाईन गेली तेव्हा संपलं. पुलगावहून भरून आणायचं आज-उद्या करत राहिलं होतं. मी बाहेर असलो की आमचं ठरलेलं होतं. तिचा एक मिस्ड कॉल म्हणजे चहा झाला. तीन म्हणजे मशीन बंद.

गेल्या हिवाळ्यात गावात सूर्य आला. म्हणजे आधीही होता, पण आता सरकारी झाला. नाल्याकडच्या पडीक जमिनीवर काळ्या काचांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या, भोवती जाळीचं कुंपण, फाटकाला कुलूप. कंपनीकडून इंजिनियर आली ती नालवाडीची अंकिता, माझ्या नातीच्या वयाची. स्कूटीवरून उतरायची, तोंडाचा स्कार्फ सोडायची आणि मला शिकवायला बसायची. गावात विजेचं कळणारा मी एकटा, म्हणून देखरेखीचं काम आणि फाटकाची चावी तिने माझ्या हातात दिली.

"काका, एक ध्यानात ठेवा," ती म्हणाली. "एका काचेवर सावली पडली ना, तर त्या रांगेतल्या सगळ्यांची वीज पडते. पंगतीत एक जण रुसून उठला की बाकीचे पण हात आखडता घेतात, तसं."

"म्हंजे तुह्या सूर्याले सावली चालत नाई, धूळ चालत नाई, ढग चालत नाई, अन् रात्र तं चालतच नाई," मी म्हणालो. "हा सूर्य आहे का जावई आहे बाई?"

ती हसली. मीही हसलो. मला वाटलं, बाजी मी मारली.

मग वैशाख लागला. आमच्याकडे वैशाख म्हणजे कुरोड्या. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून त्याचा चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून कपड्यावर पाडायचा. एका घरच्या कुरोड्यांना चार घरच्या बाया लागतात, म्हणून पाळी लावतात. सगळं जमतं, वाळत घालायची जागा तेवढी जमत नाही. घराच्या धाब्यावर घातल्या तर वानरं येतात, अंगणात घातल्या तर बकऱ्या. गेल्या वर्षी कोकिळाबाईंच्या सबंध कुरोड्या वानरांनी फस्त केल्या होत्या, आणि कोकिळाबाई काही कोणी साध्यासुध्या नव्हेत, सरपंच धनंजयची आई. वानरांवर तिने ग्रामसभेत ठराव मांडला होता.

ती आमच्या घरी आली, कमलच्या खाटेवर टेकली आणि मला म्हणाली, "नानाभाऊ, त्या तुमच्या काचा दिवसभर खाली-फुकट उन्हात पडून राह्यते. कुंपण आहे, कुलूप आहे. वानर येत नाई, बकरी येत नाई. एक दिवस चावी द्या नं बाप्पा."

कमल नळी सावरत म्हणाली, "अजी, त्या पोरीनं सावली नोको म्हनलं होतं."

"लाईन आहे नं आपली," मी म्हणालो. "सूर्य कमी पडला का कोळसा पुरवते. आपल्याले काय कळते का फरक? घेऊन जा कोकिळाबाई. काचा आल्यापासून पह्यलं कामाचं काम करतीन."

खरं सांगायचं तर मला गंमत वाटली होती. एवढा गाजावाजा करून आणलेल्या त्या काचांवर बायांनी धुतलेली लुगडी अंथरली, चारही कोपरे सुतळीने बांधले आणि ओळीने कुरोड्या पाडल्या. मी फाटकाशी उभा राहून पोट धरून हसलो. पंधरा दिवसांत अकरा घरच्या कुरोड्या त्या सरकारी उन्हात वाळल्या. चावी मग माझ्याकडे परत आलीच नाही, कोकिळाबाईंच्या दाराच्या खुंटीला राहिली.

अंकिताला फोनवर सगळं दिसतं, किती वीज झाली, कधी झाली. तिने एकदा विचारलं, "काका, मंगळवारी दुपारी अर्ध्यावर आलं होतं. ढग होते का?"

"होते," मी म्हणालो. "पांढरे होते. गोल गोल."

हा विनोद मी पारावर चार दिवस पुरवून पुरवून सांगितला.

अशात धनंजयच्या डोक्यात शंभर टक्के शिरलं. कुठल्या तरी योजनेत म्हणे 'शंभर टक्के सौर गाव' असं प्रमाणपत्र मिळणार होतं. अट एवढीच, की परीक्षण समितीच्या साहेबांसमोर कोळशाची लाईन बंद करायची आणि दोन तास गाव नुसत्या सूर्यावर चालवून दाखवायचं. धनंजय चांगला पोरगा आहे, पण प्रमाणपत्र म्हटलं की त्याला स्वतःची आईही दिसत नाही. तो सकाळीच माझ्या दारात आला.

"नानाजी, लाईन बंद करायचा मान तुमचा. शाल, श्रीफळ, फोटो. ज्या हातानं लाईन आनली त्याच हातानं बंद. पेपरात येते हे."

"मी हे नाटक करत नाई," मी म्हणालो. "माह्या घरी मशीन आहे."

"अजी दोन तासाचं तं काम आहे. अंकिता मॅडमले विचारा."

अंकिताला मी विचारलं. ती म्हणाली की बॅटरी लहान आहे, अर्धा तासच पुरेल, पण वैशाखातल्या दुपारी तिची गरज पडणार नाही. अकरा ते एक गावाला लागते त्याच्या दुप्पट वीज होते. "फक्त काचा स्वच्छ हव्या, काका. त्या दिवशी पाखरूसुद्धा बसू देऊ नका."

मी बायांना बजावलं, गुरुवारी कार्यक्रम आहे, गुरुवारी कोणी कुरोड्या घालायच्या नाहीत. त्या हो म्हणाल्या. कोकिळाबाईंची शेवटची मोठी पाळी शनिवारी होती, तिने बुधवारी गहू भिजवला. आणि बुधवारी संध्याकाळी साहेबांचा निरोप आला, की गुरुवारी जमत नाही, शनिवारी येतो. धनंजयने गावाच्या ग्रुपवर ते टाकलं. पंचांना कळलं, मंडपवाल्याला कळलं, पोलीस पाटलांना कळलं. गव्हाला कोण कळवणार? भिजलेला गहू साहेबासाठी थांबत नाही, चौथ्या दिवसापुढे तो नासतो. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला त्या दोन दिवसांत एकाच गोष्टीची काळजी होती, पांढऱ्या सदऱ्यावरचा चहाचा डाग निघतो की नाही.

शनिवारी मी निघालो तेव्हा कमलने विचारलं, "अजी, माह्या मशीनचं पक्कं विचारलं नं?"

"इंजिनियरनं सांगतलं," मी म्हणालो. "तू काऊन घाबरून राह्यली? मी लाईन बंद करून राह्यलो, दुसरं कोनी नाई."

तिने माझी कॉलर नीट केली. मला ते आवडलं.

शाळेच्या पटांगणात मंडप होता. मंडपात दोन मोठे कूलर, चार पंखे, माईक, दोन भोंगे. साहेब आले, स्वागतगीत झालं, दिवा लावला. मग मला हात धरून शाळेच्या फाटकाजवळच्या डीपीपाशी, लाईनच्या स्विचच्या पेटीपाशी नेलं. तिथे धनंजयने दांड्याला झेंडूची माळ घातली होती. मी दांडा खाली ओढला. टाळ्या वाजल्या. चौतीस वर्षं हाच दांडा खाली आला की गाव मला शिव्या द्यायचं. आज पहिल्यांदाच टाळ्या. मला खोटं बोलायचं नाही, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. धनंजयने दांड्याला मोठं कुलूप ठोकलं आणि त्याची चावी ताटात ठेवून, रिबीन बांधून साहेबांना अर्पण केली. कोळशाला कायमचा निरोप, असं तो माईकवर म्हणाला. साहेबांनी ताट ड्रायव्हरकडे दिलं, त्याने साहेबांना मिळालेला नारळ, शाल आणि चावी गाडीत ठेवली आणि समितीच्या दुसऱ्या सदस्याला आणायला तो पुलगाव स्टेशनला गेला. रेल्वे लेट होती.

साहेब बोलायला उभे राहिले. कोळशाने पृथ्वीचं काय केलं, इथपासून सुरुवात झाली. राख, धूर, वितळणारे बर्फाचे डोंगर. मी व्यासपीठावर शाल पांघरून घामाघूम बसलो होतो. कूलरचा वारा साहेबांकडे होता. पाऊण तास झाला असेल. खिशातला फोन थरथरला. मी मनात म्हटलं, चहा. पुन्हा थरथरला. मग तिसऱ्यांदा.

मी वर पाहिलं. पंखे फिरत होते. कूलर चालू होते. भोंग्यातून साहेब गरजत होते. वीज तर आहे, मग मशीन काय बिघडलं? मी उठलो, व्यासपीठाच्या मागून शाळेत डोकावलो. वर्गातला पंखा थांबलेला. ऑफिसातला दिवा गेलेला. आणि शाळेच्या मागच्या भिंतीशी कनात लावून झाकलेलं काहीतरी ढगढग करत होतं. कनात उचलली तर डिझेलचा जनरेटर. हेमराज मंडपवाला त्याच्याशेजारी स्टुलावर बसून तंबाखू मळत होता.

"नानाजी, कनात सोडा," तो म्हणाला. "सरपंचानं सांगतलं होतं का जनरेटर साहेबाले दिसला नाई पाह्यजे."

म्हणजे शंभर टक्के सौर गावाचा सोहळा डिझेलवर चालला होता, आणि गाव बंद पडलेलं मंडपातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मी धावत डीपीकडे गेलो. दांड्याला कुलूप. दगड घेऊन चार घाव घातले, दगड फुटला. आयुष्यात पहिल्यांदा धनंजयने मजबूत वस्तू आणली होती. तो मागून आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "नानाजी, दहा मिनिटं थांबा नं. भाषण संपूनच राह्यलं."

"तुह्या भाषणात आग लागो," मी म्हणालो. "कमलचं मशीन बंद पडलं."

त्याचा चेहरा उतरला. तो इकडेतिकडे पाहू लागला, पण चावी पुलगावला होती. मी त्याला तिथेच सोडलं आणि हेमराजकडे गेलो. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याने जनरेटर बंद केला, मंडपाच्या तारा उपटल्या आणि आम्ही दोघांनी, मग चौघांनी, मग दहा जणांनी जनरेटरची चाकांची गाडी आमच्या घराकडे ढकलायला घेतली. मागे साहेबांचा आवाज "येणाऱ्या पिढ्यांना स्वच्छ..." इथे तुटला. कूलर थांबले. तेव्हा कुठे मंडपाला कळलं की गावात वीज नाही.

कमल खाटेच्या काठावर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. ओठ मिटलेले. मला पाहून तिने मान हलवली, म्हणजे आहे अजून. तिच्या बोटाला लावायचा चिमटा असतो, प्राणवायू किती आहे ते दाखवणारा. त्यावर ब्याऐंशी होतं. नव्वदच्या खाली गेलं की घाबरायचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आमची गल्ली अरुंद, हेमराजची वायर आखूड, त्यामुळे जनरेटर खिडकीखालीच लावावा लागला. तो सुरू झाला, मशीन घरघरलं, चिमटा पंच्याऐंशीवर आला, अठ्ठ्याऐंशीवर आला. मी देवाधर्माचा माणूस नाही, पण हात जोडले गेले.

आणि मग खिडकीतून धूर आत आला.

काळा, जाड, डिझेलचा धूर. मी खिडकी लावली तर तो दारातून आला. दार लोटलं तर कौलांतून आला. मशीन बिचारं खोलीतलीच हवा ओढतं, त्याने तीच ओढली. कमल खोकायला लागली, असं खोकायला लागली की नळी नाकातून निघाली. चिमटा पुन्हा खाली. मी ओरडलो, बंद करा. जनरेटर बंद झाला, धूर विरला, मशीन थांबलं. चिमटा आणखी खाली. मी ओरडलो, चालू करा. असं तीनदा झालं. चालू केलं की धुराने गुदमरायची, बंद केलं की हवेवाचून. दारात उभं राहून हे मी पाहत होतो, आणि माझ्या अंगावर अजून ती सत्काराची शाल होती.

फोन वाजला. अंकिता होती. भाषणभर तिचा फोन पिशवीत होता; मंडपात वीज गेली तशी ती स्कूटी घेऊन थेट नाल्याकडे गेली होती.

"काका," ती म्हणाली, "ढग सापडले."



"सगळ्या रांगांवर आहेत. मी काढा म्हणते तर कोकिळाबाई काठी घेऊन उभ्या आहेत. म्हणतात, अर्ध्या ओल्या आहेत, आत्ता उचलल्या तर भुगा होईल, पायलीभर गहू आहे. म्हणतात, चावी नानाभाऊंनी दिली, त्यांना विचारा."

"त्याहीले फोन दे," मी म्हणालो. मला वाटलं होतं मी ओरडेन. पण हळूच म्हणालो, "कोकिळाबाई, कमलचा श्वास आहे वो त्या लुगड्यांखाली. मशीन बंद आहे."

 फोन बहुतेक तिच्या हातातून खाली पडला. मला फक्त कापड टरकल्याचा आवाज आला, एकदा, मग पुन्हा, मग एकामागून एक. आणि तिचा ओरडा, "ओढा वो बायांनो! ओढा! पाहून काय राह्यल्या!"

किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. कमलची बोटं माझ्या हातात होती आणि मी नखांकडे पाहत होतो. मग बाबासाहेबांच्या फोटोवरचा पंखा एकदा हलला, थांबला, आणि फिरायला लागला. हेमराजने मशीनची पिन जनरेटरवरून काढून भिंतीत घातली. मशीन घरघरलं. चौऱ्याऐंशी. सत्त्याऐंशी. एक्क्याण्णव. कमलने डोळे मिटून भिंतीला पाठ टेकवली. मी जमिनीवरच बसलो.

तोवर अख्खा मंडप आमच्या गल्लीत आला होता, कारण मंडपात आता ना हवा होती ना भाषण. कोकिळाबाई लुगड्याच्या ओच्यात कुरोड्यांचा भुगा घेऊन आली, कमलजवळ बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून सगळ्यांसमक्ष म्हणाली, "आमी अडानी बाया. आमाले काय मालूम काचेखाली काय आहे. तुमाले तं मालूम होतं नं? चावी काऊन देल्ली?"

कमलने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.  अंकिता दारात उभी होती. मी सत्काराची शाल काढून खाटेखाली सारली. 

साहेब मात्र खुशीत होते. घाम पुसत ते आत आले, मशीन पाहिलं, पंखा पाहिला आणि हातातला फॉर्म उघडला. "हे तर फार उत्तम उदाहरण आहे, सरपंच. सौर ऊर्जेवर चालणारं जीवरक्षक उपकरण! लाभार्थीची प्रतिक्रिया हा रकाना आपल्याला भरायचाच होता." धनंजयने पटकन खुर्ची पुढे केली. सूर्यावर कुरोड्या वाळत होत्या हे बोलायला कोणी तयार नव्हतं, आणि साहेबांना ते विचारायचंही नव्हतं.

"आजार काय?" साहेबांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी लिहिलं. "आणि कारण? कोळशाची राख, धूर, बरोबर? या भागात पॉवर हाऊस आहेत ना."

"हो साहेब," मी लगेच म्हणालो. "राखच ती."

कमलने नाकातली नळी काढली. मी म्हणालो, अवो, राहू दे, बोलू नको. तिने माझा हात बाजूला केला.

"नाई साहेब," ती म्हणाली. प्रत्येक शब्दाला तिला थांबावं लागत होतं. "पॉवर हाऊस इथून कुठच्या कुठं. गॅस होता घरी. एकोणीस वर्सांपासून होता. शेगडी अजून नवीच आहे." तिने श्वास घेतला. "याहीले गॅसवरची भाकर गोड लागे नाई. दोन टाइम कापसाच्या पऱ्हाट्यांची चूल पेटवली मी. खोकली की म्हनत, दार उघडून घे."

 तिने नळी परत नाकात घातली आणि भिंतीकडे तोंड केलं.

साहेबांचं पेन कारणाच्या रकान्यावर थांबलं होतं. त्यांनी धनंजयकडे पाहिलं, धनंजयने जमिनीकडे. रकान्यात नाव लिहायची सोय नव्हती, म्हणून साहेबांनी 'पारंपरिक इंधन' असं लिहिलं आणि फॉर्म माझ्यापुढे सहीला धरला.